आठांतली एक

काच नीट पुसलेली असली की दिसत नाही. दिसली, म्हणजे पुसायची राहिली.

*

तिकडे संध्याकाळ होते तेव्हा इकडे दुपार असते. जेवून आडवं व्हायची वेळ.

*

टॅबलेटमधल्या बाई कधी चिडत नाहीत. "हरकत नाही," म्हणतात, "पुन्हा ऐकू या." त्यांना घर-संसार नसावा.

*

व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने जरा भरलेली, आवाजाने जरा खालची. थोरल्या बहिणींचं जे होतं तेच तिचं होतं. घर ती सांभाळते, फोटोत धाकटी पुढे असते.

*

दहा वर्षांची मुलगी बुटाची नाडी सोडता सोडता म्हणते, "बाबा, मी वाजवतच नव्हते."

*

"जेवलीस का?"
"हो."
"थंडी आहे का?"
"आहे."
"बरं, आईला देतो."

*

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याचं आहे, म्हणून एकत्र सांगितलं.

त्याचं चष्म्याचं दुकान. पुढे काउंटरवर भागीदार फ्रेमा दाखवायचा, मागच्या अंधाऱ्या खोलीत हा डोळे तपासायचा. भागीदार शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे दुकानात मालकी दोघांची आणि टोमणे एकट्या भागीदाराचे. मागच्या खोलीत एक उंच खुर्ची, समोर अक्षरांची उजळलेली पाटी, आणि बसलेल्याच्या नाकावर जड लोखंडी चौकट. त्या चौकटीत एकेक काच सरकवत चष्मेवाला जन्मभर एकच प्रश्न विचारत आला होता: "आता बरं, की आधीचं बरं?"

त्याची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात एका मोठ्या वाद्यवृंदात व्हिओला वाजवायची. दोन विमानं बदलून जावं लागे इतकं ते दूर. महिन्यातून एका रविवारी त्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम तिकडचा रेडिओ थेट प्रसारित करायचा आणि इंटरनेटवरून तो इकडे घरात ऐकू यायचा. नुसता आवाज. चित्र नाही. आणि सगळी अडचण इथेच होती. चित्र असतं तर त्याने मुलीला शंभर जणांत ओळखलं असतं, पाठमोरी असती तरी. डोळ्यांचा तो राजा होता. कानांनी मात्र त्याला कधीच साथ दिली नव्हती. गाणं संपलं हे त्याला टाळ्यांवरून कळायचं.

त्याला हवं होतं ते एवढंच. त्या सगळ्या कल्लोळात आपली मुलगी कुठे आहे ते एकदा ऐकून ओळखायचं, आणि मग फोनवर तिला तिच्या वाजवण्याबद्दल एक तरी खरं वाक्य सांगायचं. "छान" सोडून काहीही.

"छान"चं काय झालं होतं ते आता सांगायला हवं.

मुलगी दहा वर्षांची असताना शाळेत कार्यक्रम होता. व्यासपीठावर गजाची वाद्यं वाजवणाऱ्या मुलामुलींच्या तीन रांगा, ही मधल्या रांगेत, कडेला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या हाताकडे बघत होता. शेजारच्या मुलाचा गज वर गेला की तिचाही वर, त्याचा खाली आला की तिचाही खाली. एकदा म्हणून चुकली नाही. घरी येताना वाटेत त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सगळ्यांत छान तुझंच ऐकू येत होतं."

ती घरी पोचल्यावर दारात बसून बुटाची नाडी सोडताना म्हणाली, "बाबा, मी वाजवतच नव्हते. सर म्हणाले, तुझं अजून बसलं नाही, तू गज नुसता फिरव, तारांना लावू नकोस."

तो हसला. बायको आतून आली ती हसली नाही. मुलगी उठून खोलीत गेली.

तेव्हापासून सराव करताना ती खोलीचं दार लावून घ्यायची. आपटायची नाही, नुसतं लावून घ्यायची. आपटलं असतं तर बापाला काही बोलता तरी आलं असतं. पुढे मोठे कार्यक्रम झाले, बक्षिसं झाली, शिष्यवृत्ती झाली, आणि दर वेळी तो म्हणाला, "छान झालं." दर वेळी ती म्हणाली, "हं." त्या "हं"मध्ये राग नव्हता. ज्याला रंग दिसत नाहीत त्याला आपण साडी दाखवत नाही, तसं काहीसं होतं ते.

*

आता कोण आलं?

हा प्रश्न टॅबलेटमधल्या बाईंचा.

अॅप त्याचं त्यानेच शोधलं. घरबसल्या, गुरूशिवाय, संगीत ऐकायला शिका. वाजवायला नाही, फक्त ऐकायला. असं काही शिकवतात हे कळल्यावर त्याला हायसं वाटलं. म्हणजे न येणारे आणखीही लोक होते.

पडद्यावर अर्धगोलात खुर्च्या मांडलेल्या असायच्या. एका खुर्चीला बोट लावलं की तिथलं वाद्य एकटं वाजायचं, बाकीचे माना खाली घालून गप्प बसायचे. दोन बोटांनी खुर्ची मोठी केली की आवाजही मोठा व्हायचा. मग परीक्षा. एक सुरावट वाजायची, तीत मध्येच नवं वाद्य यायचं, आणि बाई विचारायच्या, "आता कोण आलं?" खाली चार चित्रं. बरोबर चित्राला बोट लावलं की त्याला हिरवी कड यायची. पुढच्या धड्यांत एकच सुरावट दोनदा वाजायची, एकदा व्हिओला घालून, एकदा वगळून, आणि प्रश्न यायचा, "पहिलं की दुसरं?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो इतका हसला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं?"

"अगं, जन्मभर मी लोकांना खुर्चीत बसवून हेच विचारलं. आज मला बसवलं कुणीतरी."

"मग सांगा की उत्तर."

"दुसरं."

"पहिलं," बायको म्हणाली आणि भाजी बघायला परत गेली. बाई म्हणाल्या, "हरकत नाही. पुन्हा ऐकू या."

बायकोचे कान जन्मजात चांगले. ती आतून, नळ सोडलेला असतानाही सांगायची, "बासरी. आता तुतारीसारखं काहीतरी. आता पोरीचं." तिला या सगळ्याचं अप्रूप नव्हतं. दर आठवड्याला ती मुलीशी मनसोक्त बोलायची, दाढ दुखण्यापासून घरमालकिणीच्या मांजरापर्यंत. वाद्यवृंदात मुलगी नेमकी कुठे आहे याची तिला गरजच काय? मुलगी फोनवर होती.

पण तो नेटाने लागला आणि काही आठवड्यांत चमत्कार झाला. उत्तरं बरोबर यायला लागली. आधी चुकतमाकत, मग सलग, मग धड्यामागून धडे हिरवे. शेवटच्या धड्याला बाई म्हणाल्या, "शाब्बास, तुमचा कान आता तयार आहे," आणि पडद्यावर फुलं पडली. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात सांगितलं.

भागीदार म्हणाला, "तयार झाला? मग गेल्या महिन्यापासून मी तुला चहाला हाक मारतोय, ती का नाही ऐकू येत?"

"ते संगीत नाही."

"उधारीवर फ्रेम मागणाऱ्याची हाकसुद्धा तुला ऐकू येत नाही. तेवढं मात्र तसंच ठेव."

*

रविवार

जेवण लवकर आटोपून तो रेडिओ लावून बसला. कुणीतरी परक्या भाषेत बोललं, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. हे सगळं त्याला स्वच्छ ऐकू आलं. खोकणारा डाव्या बाजूला होता हेही कळलं. मग संगीत सुरू झालं आणि सगळं एकात एक मिसळलं.

एखाद्याचा चष्मा काढून घ्यावा आणि त्याला भरचौकात उभं करावं, तसं. काहीतरी हलत होतं, मोठं होतं, जवळ येत होतं. पण कोण, ते नाही. त्याने डोळे मिटले. उघडले. मान तिरपी केली. रेडिओच्या जवळ गेला. व्हिओला अशी काही वस्तूच त्या आवाजात नव्हती.

"आली का ऐकू?" बायकोने विचारलं.

"रेडिओ बरा नाही हा."

 मुलीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "छान झालं."

"हं," मुलगी म्हणाली. "आई आहे का?"

*

पाटी

दुकानात एक बसचा ड्रायव्हर आला. मोठ्या हाडापेराचा, पण खुर्चीत बसताना शाळेतल्या पोरासारखा अंग चोरून बसला. लायसन्सला डोळ्यांचा दाखला हवा होता. चष्मेवाल्याने त्याचा एक डोळा झाकला, पाटी लावली. ड्रायव्हरने वरपासून खालपर्यंत अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. अगदी शेवटची ओळही, जी चष्मेवाल्याला स्वतःलाही दुरून जेमतेम दिसे.

इतकं भराभर कुणी वाचत नाही. वाचणारा माणूस शेवटच्या ओळीवर अडतो, नाक पुढे काढतो. चष्मेवाल्याने न बोलता पाटी बदलली.

ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, ही पाटी वेगळी आहे."

"हो."

"मघाशी ही नव्हती."

"पाठ केली होतीत का?"

"नाही हो. आईशप्पथ नाही." ड्रायव्हरने चौकट नाकावरून काढून हातात घेतली. "बाहेर बाकावर बसलो होतो. दार अर्धं उघडं. आतला माणूस वाचत होता, ते कानावर पडलं. पण मी काही लबाडी केली नाही साहेब. इथे बसल्यावर मला खरंच वाटलं, मला दिसतंय."

"असं वाटतं," चष्मेवाला म्हणाला. "पुष्कळांना वाटतं."

"आता?"

"आता काही नाही. पहिल्या ओळीपासून. सावकाश. चष्मा लागेल, नोकरी जाणार नाही. बसा."

ड्रायव्हर नंबर घेऊन गेला. पुढचं गिऱ्हाईक आत येऊन खुर्चीत बसलं तरी चष्मेवाला पाटीकडेच बघत उभा होता. शेवटी गिऱ्हाइकाने विचारलं, "साहेब, तपासायचे डोळे माझे आहेत ना?"

*

संध्याकाळी घरी येऊन त्याने टॅबलेट उघडला, शेवटचा धडा काढला, आणि आवाज पूर्ण बंद केला.

आता कोण आलं? काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने तिसऱ्या चित्राला बोट लावलं. हिरवी कड.

आता कोण आलं? पहिलं चित्र. हिरवी कड.

पहिलं की दुसरं? दुसरं. हिरवी कड.

असा तो अख्खा धडा बहिऱ्यासारखा सोडवत गेला आणि शेवटी पडद्यावर फुलं पडली. बाईंचे ओठ हलले. शाब्बास म्हणत असणार.

मग त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि त्याला ते सापडलं. चार चित्रं एकदम उमटायची असं वाटायचं, पण तसं नव्हतं. बरोबर उत्तराचं चित्र बाकीच्यांपेक्षा केसभर आधी उमटायचं. "पहिलं की दुसरं"च्या दोन बटणांचंही तेच. अॅप बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल, कारण दुसऱ्या कुणाला ते दिसलंच नसतं. ह्याच्या डोळ्यांनी टिपलं होतं. कान बिचारे मागे बसून फुलांवर खूश होते.

"अगं, इकडे ये जरा."

बायको आली. त्याने सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं, पण ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "शाळेतसुद्धा तुम्ही असेच तिच्या हाताकडे बघत बसला असणार."

त्याने टॅबलेट पालथा करून ठेवला.

"आता काय करायचं ठरवलंय?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "पण मी तिकडे तोंड करून बसतो. तू बोट लाव."

*

धडा पहिला, पाठमोरा

अशी त्यांच्या घरात रोज संध्याकाळी एक बैठक भरू लागली. तो भिंतीकडे तोंड करून खुर्चीत, बायको त्याच्या मागे टॅबलेट मांडीवर घेऊन.

"कोण आलं?"

"व्हायोलिन."

"नाही."

"व्हिओला."

"नाही."

"मग बासरी असेल."

"अहो, ढोल आहे."

"ढोल मला कळतो."

"मग आता का नाही कळला?"

"मी सुरांकडे लक्ष देत होतो."

बाई म्हणायच्या, "हरकत नाही." बायको म्हणायची, "हरकत आहे. माझी भाजी लागतेय."

भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक खिळा होता, त्याला पूर्वी कॅलेंडर असायचं. खिळ्याकडे बघत बघत त्याला हळूहळू काही कळू लागलं, पण ते कळणं बाईंच्या धड्यांच्या क्रमाने नव्हतं. त्याला वाद्यांची नावं आधी आली नाहीत. आधी आल्या त्या सुरुवाती. प्रत्येक आवाज सुरू कसा होतो, ते. बासरी आधी श्वास घेते. पितळी वाद्य आधी ओठ पुसल्यासारखं काहीतरी करतं. व्हायोलिन काच कापायच्या हिऱ्यासारखं, टेकवलं की निघालंच. आणि व्हिओला निघताना किंचित रेंगाळते. गज तारेला लागतो, तार जरा जड, ती क्षणभर नाही म्हणते, मग हो म्हणते. त्या नाही-होमधला जो खरखरता कण, तो त्याला एका संध्याकाळी ऐकू आला.

"हीच," तो म्हणाला.

"हीच," मागून बायको म्हणाली.

"पुन्हा लाव."

"अहो, बरोबर आलंय. पुढे जाऊ."

"असू दे. पुन्हा लाव."

तो आवाज ओळखीचा होता. मुलगी लहानपणी सकाळी उठल्या उठल्या आईला हाक मारायची, घसा अजून झोपेत असायचा, तसा. दार लावून घेतलेल्या खोलीतून हा आवाज वर्षानुवर्षं येत होता आणि तो बाहेर पेपर वाचत बसायचा. तेव्हा त्याला तो नुसता बंद दाराचा आवाज वाटायचा.

मग दुकानातही कान उघडे राहू लागले. काच घासायच्या मशीनचा आवाज काचेची कड झिजत जाते तसा वर चढत जातो, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. एकदा समोर न बघताच तो पुढच्या खोलीत ओरडला, "बस कर, जास्त घासली." भागीदाराने मशीन बंद केलं, काच काढून पाहिली आणि आत डोकावून म्हणाला, "हे चांगलं नाही. तुझ्या पाठीमागे मी तुझ्याबद्दल काय काय बोलतो, तेही आता ऐकणार तू."

"ते पहिल्यापासून ऐकू येतं. तू हळू बोलतोस कुठे?"

त्याच आठवड्यात बायकोने मुलीला फोनवर सांगून टाकलं. "तुझे बाबा हल्ली तुझा रेडिओ ऐकतात. भिंतीकडे तोंड करून अभ्यास करतात."

तिकडून मुलगी काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. बायकोने फोन ठेवल्यावर विचारलं तर ती म्हणाली, "म्हणाली, त्यांना त्यात काय कळणार. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग मांजराचं सांगायला लागली."

*

पुन्हा रविवार

या खेपेला तो खुर्ची भिंतीकडे वळवूनच बसला. बायको दिवाणावर लवंडली.

पहिला भाग जोरकस होता, त्यात त्याचं काही चाललं नाही. चार गोष्टी धरल्या, दहा निसटल्या. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. दुसरा भाग संथ होता. व्हायोलिनं वर कुठेतरी लांब धागा ओढत होती, खाली जाड आवाजाची वाद्यं पावलं टाकत होती, आणि मध्ये, दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर कुणी उभं असावं तसं, ते खरखरतं ऊबदार काहीतरी होतं. ते त्याला सापडलं. ते निसटू नये म्हणून त्याने श्वाससुद्धा बेताने घेतला.

आणि मग व्हायोलिनं थांबली. खालची पावलंही थांबली. सगळं सभागृह गप्प झालं. आता ते मधले लोकच उरणार होते, एकटे. त्याला ते आधीच कळलं, जिना मोकळा झाल्यावर कोण येणार ते कळतं तसं.

तेवढ्यात एक आवाज आला. एकच. पापणी लवायला लागते त्याहून कमी वेळ तो एकटा होता. गज तारेला लागला, तार नाही म्हणाली, हो म्हणाली, आणि लगेच बाकीचे आले, त्याला मध्ये घेतलं, आणि सगळ्यांचं मिळून एक झालं.

त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

संध्याकाळी फोन वाजला. त्याने उचलला.

"हॅलो, बाबा? आई कुठेय?"

"आहे. देतो. थांब जरा." त्याने घसा साफ केला. "मी ऐकलं आज."

"हं. छान झालं का?"

"ते मला सांगता येणार नाही. मला दुसरंच विचारायचंय. मधल्या संथ भागात बाकीचे थांबले आणि तुम्हीच उरलात. व्हिओलावाले."

पलीकडे काही वेळ नुसती हवा होती.

"आईने सांगितलं का?"

"आईला डुलकी लागली होती."

"लागली नव्हती," बायको दिवाणावरून म्हणाली.

"बरं. मग पुढे?"

"तिथे तुमच्यातल्या एकाने जरा आधी सुरू केलं. किंचितच. बाकीचे मागून आले. असं झालं का, की मला आपलं वाटलं?"

आता पलीकडे हवासुद्धा नव्हती. फोन तुटला असं वाटून त्याने तो कानापासून काढला, बघितला, पुन्हा लावला.

"बाबा."

"अं?"

"ती मी होते."

 असू दे म्हणावं, तर तिचं काम ते असू द्यायचं नव्हतं. आणि तो नेहमीचा शब्द तर नाहीच.

"तू आहेस हे नाही ओळखलं मी," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. पण आवाज ओळखीचा वाटला."

"आमच्या रांगेतल्या म्होरक्याने मान वळवून बघितलं माझ्याकडे. बाकी सभागृहात कुणाला कळलंसुद्धा नसेल."

"मला कळलं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं."

 मग त्याने जे विचारायचं इतके महिने मनात होतं ते विचारलं. "मग पुढच्या वेळी तुझं कुठलं ते कसं ओळखायचं? काही खूण सांग. तसा सराव करतो."

ती हसली, पण हळू. "नाही ओळखता येणार बाबा. आम्ही आठ जण आहोत. आठांचं मिळून एक वाजायला हवं, तेच तर काम आमचं. माझं वेगळं ऐकू आलं, म्हणजे मी चुकले."

"म्हणजे तू चांगलं वाजवलंस, की मला ऐकू येणार नाहीस."

"हं."

हा "हं" नेहमीचा नव्हता. त्यात काहीतरी हललं. पण ते काय, इतकं बारीक ऐकायला तो अजून शिकला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "आईला देऊ?"

"देताय काय लगेच? अजून काय ऐकलंत ते सांगा."

"अजून काही नाही गं. मला अजून एवढंच येतं."

*

तिकडचा रेडिओ प्रत्येक कार्यक्रम आठवडाभर तसाच ठेवायचा आणि मग काढून टाकायचा. तो आठवडाभर चष्मेवाला रोज ती जागा लावायचा. आधीचं थोडं, ती शांतता, तो एकटा कण, आणि मग सगळे. लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा. बायको एकदा म्हणाली, "पोरीची चूक आहे हो ती. किती वेळा उगाळाल?"

"चूक आहे म्हणूनच ऐकू येते."

"तिला कळलं तर काय वाटेल?"

त्याने ती जागा पुन्हा मागे नेली. आठवडा संपला, रेडिओने कार्यक्रम काढून टाकला. तिथे आता दुसऱ्या कुणाची तरी भाषणं होती. त्याने तरीही एकदा लावून पाहिलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला. आता व्हिओला त्याला कुठेही सापडायची, गर्दीत, घाईत, पितळी वाद्यांच्या आरडाओरड्याखालीसुद्धा. तो त्या आठांच्या मागे मागे चालत होता. एके ठिकाणी पुन्हा सगळे थांबले आणि पुन्हा ते आठजणच उरले. त्याने खुर्चीचे हात धरले. पोरीने चुकावं असं बापाला वाटणं काही बरं नव्हे. त्याला ते वाटलं. थोडंसंच. तेवढंच, आणि फक्त तेवढ्याच जागी.

आठ गज एकदम टेकले. एकच आवाज आला, रुंद, शांत, कुठे सांधा नाही. त्याने त्यात खूप शोधलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. आठ जण होते हेसुद्धा कळत नव्हतं.

टाळ्या झाल्या. बायको उठून बसली.

"आली का ऐकू?"

"नाही."

"मग चांगलं वाजवलं असणार."

"हो," तो म्हणाला. "फार चांगलं वाजवलं." आणि रेडिओवरचा माणूस परक्या भाषेत बोलत राहिला, आभार मानत राहिला, पुढच्या कार्यक्रमाचं सांगत राहिला, तोवर तो तिथेच, खिळ्याकडे बघत बसून राहिला. फोन यायला अजून वेळ होता.

*

ज्या रविवारी मुलगी बाकीच्या सातांच्या आधी सुरू झाली, त्याच्या आदल्या दिवशीच्या तालमीत तिने रांगेतल्या एकाकडून खुर्ची बदलून घेतली होती. नवी खुर्ची रेडिओच्या मायक्रोफोनच्या सगळ्यांत जवळ होती.